भोपाळच्या फाइली आणि आमच्या तालुक्याचं वाचनालय

वाचनालयाचं नाव लिहीत नाही. खाली तक्रारी आहेत आणि ग्रंथपाल भाऊंचं तोंड मला दर आठवड्याला पाहायचं असतं. यवतमाळ जिल्ह्यातलं, कापसाच्या पट्ट्यातलं तालुक्याचं गाव आहे. स्टँडवर उतरून चहाच्या टपरीवर विचारलं की कोणीही दाखवतं, कारण वाचनालय एकच आहे.

मी तिथून अकरा किलोमीटरवरच्या शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्याकडे प्रकल्प म्हणजे स्टेशनरीच्या दुकानातून आणलेला चित्रांचा तक्ता, थर्माकोल आणि चमकी. या नोव्हेंबरात नववीच्या चौदा पोरांना विषय दिला भोपाळ वायुदुर्घटना, आणि अट घातली की मोबाइलवरून उतरवलेलं एक वाक्य दिसलं तर वही परत. मग माहिती आणायची कुठून? म्हणून हे वाचनालय.

आधी सोय-गैरसोय सांगतो. वेळ सकाळी आठ ते अकरा, संध्याकाळी पाच ते आठ. शाळा अकरा ते पाच आणि गावाकडची शेवटची एसटी साडेसहाला. म्हणजे विद्यार्थ्यांसाठी हे वाचनालय रोज जेमतेम तासभर उघडं असतं, तेही एसटी स्टँडवरून पळत आलं तर. आम्ही शेवटी चार रविवार धरले. अनामत शंभर रुपये, महिन्याचे वीस. पोरांकडून भाऊंनी काही घेतलं नाही, फक्त नोंदवहीत सह्या घेतल्या. मुलींसाठी संडासाची सोय नाही, शेजारच्या घरी विचारावं लागतं. ही गोष्ट मी संचालक मंडळाला लेखी दिली आहे, उत्तर यायचं आहे.

आता ज्यासाठी पाच तारे द्यावेसे वाटतात ते. मागच्या खोलीत, लोखंडी रॅकवर, नागपूरच्या दैनिकाच्या बाइंडिंग केलेल्या फाइली आहेत. दर तीन महिन्यांची एक, कॅनव्हासचा पुठ्ठा, उचलायला दोन पोरं लागतात. झेरॉक्स काढू देत नाहीत, कारण फाइल पालथी केली की शिवण तुटते. मोबाइलवर फोटो काढता येतो. कागद इतका पिवळा आणि ठिसूळ की कोपरा हातात येतो. भाऊंनी पोरांना पान उलटायला शिकवलं, वरच्या कोपऱ्यातून, तळहात खाली घालून, भाकरी उलटवावी तसं.

ऑक्टोबर ते डिसेंबर १९८४ ची फाइल उघडली तर पोरं भोपाळपर्यंत पोचेचनात. ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या, मग दिल्लीतली शिखांची कत्तल, मग निवडणुकीची धामधूम. एकजण म्हणाला, "सर, हे सगळं एकाच दिवाळीनंतर झालं?" मी चोवीस वर्षं हे तिन्ही विषय वेगवेगळ्या धड्यांत शिकवलेत. एका पुठ्ठ्यात बांधलेले मीही पहिल्यांदाच पाहिले.

२ डिसेंबरच्या रात्रीची ती घटना. पहिल्या बातमीत मृतांचा आकडा शेकड्यांत, आठवड्यात हजारांत. एका मुलीनं वहीत तक्ता आखला. सरकारचा सुरुवातीचा आकडा २,२५९, नंतर मध्य प्रदेश सरकारनं मान्य केलेला ३,७८७, नुकसानभरपाईच्या हिशेबातला ५,२९५, आणि पीडितांच्या संघटना सांगतात तो पंधरा हजारांच्याही वर. "नेमका कोणता लिहू, सर?" म्हटलं, सगळे लिही, तारखेसकट. तिनं स्वतःच्या डोक्यानं आणखी एक रकाना वाढवला: मोजणारा कोण. मी असा रकाना सुचवला नसता, खरं सांगतो.

रसायनाचा भाग मी घेतला. मिथाइल आयसोसायनेट हे विषारी रसायन, युनियन कार्बाइड कंपनीच्या कारखान्यातली ६१० क्रमांकाची टाकी, तीत पाणी शिरलं, आतली उष्णता वाढत गेली आणि सुमारे चाळीस टन वायू बाहेर पडला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा जूनपासून बंद. वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याकडे जाणारा नळ दुरुस्तीसाठी काढलेला. फळ्यावर लिहिलं की हे द्रव ३९ अंशांना उकळतं. मागच्या बाकावरून आवाज आला, "मंग आपल्या इकडं तं हे होळी झाल्याबरोबर उकयलं असतं!" वर्ग हसला आणि मग हसायचा थांबला. भोपाळची ती रात्र डिसेंबरातली थंड होती, एवढंच मी पुढं बोललो.

पण तो कारखाना बनवत काय होता, इथं खरी गाठ बसली. सेविन. कीटकनाशक. आमच्याकडे फवारणीच्या विषाला 'औषध' म्हणतात. "औषध मारलं का", "औषध आणायला कृषी केंद्रात गेले". एका पोरानं घरी विचारलं आणि आजोबांचं उत्तर जसंच्या तसं लिहून आणलं: "सेविन? हे तं आम्ही कपाशीवर हातानं धुरयलं. पावडर होती. डोये चुरचुरायचे, मंग गूळ खायचो." ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर आहे. भोपाळमध्ये बनणारं औषध आपल्या आजोबांच्या हाताला लागलं होतं, हे कळल्यावर चमकी कोणी मागितली नाही.

मग २०१७ आपोआप आलं. त्या पावसाळ्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती. तेव्हा ही पोरं अगदी लहान. त्या वर्षीची फाइल भाऊ स्वतः काढून घेऊन आले, न विचारता. चौदातल्या तिघांच्या घरी त्या साली कोणी ना कोणी भरती होतं, हे मला चौथ्या रविवारी कळलं. दोन वर्षं शिकवतोय मी या पोरांना.

तक्रार आणखी एक. २०१० ची फाइल आहे, त्यात ७ जूनच्या निकालाची बातमी सापडली. कंपनीच्या सात अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा, लगेच जामीन. पण १९८५ ची पहिली फाइल वाळवीनं खाल्ली आहे आणि १९८९ ची, म्हणजे कंपनी आणि सरकार यांच्यात झालेल्या ४७ कोटी डॉलरच्या भरपाईच्या तडजोडीच्या वर्षाची, जागेवरच नाही. कोणी नेली, कधी नेली, नोंद नाही. कंपनी एवढ्यावर सुटली कशी, असं पोरं विचारत होती, आणि मला ती पानं दाखवता आली नाहीत. वर्गणी वाढवा, वेळ बदला, पण आधी त्या खोलीत वाळवीचं औषध मारा. (बघा, मीही औषधच म्हणतो.)

जाणार असाल तर तोंडाला बांधायला दुपट्टा न्या, धूळ फार आहे. चप्पल बाहेर काढावी लागते. पंखा आहे, पण लावला की पानं उडतात, म्हणून भाऊ लावू देत नाहीत. उन्हाळ्यात जाऊच नका. फाइल आदल्या दिवशी सांगून ठेवली तर भाऊ पुसून टेबलावर काढून ठेवतात. आमच्यासाठी दर रविवारी ठेवली, आणि त्या दिवसाचा त्यांना पगार नाही.

शेवटच्या रविवारी पोरांनी वह्यांची एक प्रत वाचनालयाला दिली. भाऊंनी ती रीतसर दाखल केली, अनुक्रमांक टाकला, किमतीच्या रकान्यात 'भेट' लिहिलं, आतल्या पानावर गोल शिक्का मारला. मग बालविभागाच्या काचेच्या कपाटात ठेवायला गेले, तर कपाटाला कुलूप. किल्ली अध्यक्षांकडे, अध्यक्ष लग्नाला अकोल्याला. वही अजून भाऊंच्या टेबलाच्या खणात आहे. मागितलीत तर दाखवतील.