दोन गिझर काढून एक हीट पंप: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑक्टोबरात वरच्या मजल्यावरच्या गिझरच्या तळाशी तांबूस ओघळ दिसू लागला. २५ लिटरचा, ११ वर्षं वापरलेला. इलेक्ट्रिशियनदादांनी बघितल्या बघितल्या सांगितलं, टाकीच गेलीय, आता दुरुस्ती करून उपयोग नाही. खालच्या बाथरूममधला १५ लिटरचा गिझरही त्याच वयाचा. नाशिकमधलं आमचं रो-हाऊस, घरात सहा माणसं: आम्ही दोघं, दोन मुलं, सासूबाई आणि सासरे. पाणी बोअरचं, चांगलंच जड.

जो तो म्हणाला, फाइव्ह स्टार घे. माझ्याही मनात तेच होतं. पण हे स्टार नेमके कशाचे, ते बघितल्यावर विचार बदलला. साठवणीच्या गिझरला ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीचे स्टार मिळतात ते तापलेलं पाणी टाकीत नुसतं पडून असताना किती उष्णता वाया जाते, त्यावर. पाणी तापवायला लागणारी वीज त्याने कमी होत नाही. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे १.१६ वॅट-तास लागतात. म्हणजे १०० लिटर पाणी २० वरून ५० अंशांवर न्यायचं तर साडेतीन युनिट गेलेच. कॉइलचा गिझर कुठलाही घ्या, हा हिशेब चुकत नाही. दोन माणसांच्या घरात, जिथे पाणी थोडं लागतं आणि गिझर तासन्‌तास चालू राहतो, तिथे स्टारचा फरक कळेल. सहा जणांच्या आंघोळी असतील तर खरी वीज तापवण्यातच जाते.

सोलर हा माझा पहिला विचार होता. गच्ची मोकळी असेल तर आजही मी सोलरच घ्या म्हणेन. आमच्या दक्षिणेला सहा मजली इमारत उभी राहिलीय, डिसेंबरात ऐन दुपारी निम्मी गच्ची सावलीत असते. शिवाय बोअरच्या पाण्याने सोलरच्या नळ्यांत क्षार साचतात, ते शेजाऱ्यांकडे डोळ्यांनी पाहिलेलं. गॅस गिझरचा विषय मी वाढूच दिला नाही. कोंदट बाथरूममध्ये ज्योत जळत राहिली की हवेतला ऑक्सिजन कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आमच्या बाथरूमला हातभर खिडकी, आणि मुलं दार लावून अर्धा अर्धा तास आत.

शेवटी २०० लिटरचा हीट पंप घेतला. फ्रिज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो ना, तसंच हे यंत्र बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतं. वीज मुख्यतः कॉम्प्रेसर आणि पंख्याला लागते, म्हणून एका युनिटमागे साधारण तीन युनिटांइतकी उष्णता मिळते. यंत्र, पाइप आणि प्लंबरची मजुरी धरून १,१८,००० रुपये गेले. हा आकडा मोठा आहे, आणि घरात त्यावर चार दिवस बोलणं झालं.

निर्णय घ्यायच्या आधी तीन आठवडे दोन्ही गिझरच्या लाइनवर छोटा सबमीटर लावून घेतला होता. तेव्हा रोजचे सरासरी ५.८ युनिट जात होते. तोच मीटर आता हीट पंपावर आहे. नोव्हेंबरअखेर सरासरी २.१, जानेवारीत २.३, एप्रिलमध्ये १.१, मेमध्ये ०.९ आणि या जुलैत १.५. पावसाळ्याची मला धास्ती होती, पण दमट हवेने काही बिघडत नाही. उलट वाफेचं पाणी होताना ती आपली उष्णताही देऊन जाते. ते पाणी खालच्या नळीतून थेंब थेंब पडतं. त्याखाली बादली ठेवलीय, सासरे ते कुंड्यांना घालतात.

सुरुवातीला माझी एक चूक झाली. आई (सासूबाई) पहाटे साडेपाचला आंघोळ करतात, म्हणून मी टायमर पहाटे चारचा लावला. तेव्हा नाशिकची हवा दहा-बारा अंशांवर असते, यंत्राला ओढायला उष्णताच कमी मिळते. पुन्हा पंख्याचा घुमणारा आवाज थेट त्यांच्या खोलीत. दोन आठवड्यांनी वेळ बदलून दुपारी एकची केली. पहाटे २.८ युनिट लागायचे तिथे दुपारी २.२ लागू लागले. दुपारी ५२ अंशांवर गेलेलं पाणी दुसऱ्या दिवशी पहाटे ४७-४८ ला असतं, आंघोळीला भरपूर झालं. आठवड्यातून एकदा आतल्या कॉइलने टाकी ६० अंशांवर नेते. कोमट पाण्यात जंतू वाढतात, त्यामुळे ते मी टाळत नाही. वरच्या आकड्यांत ती वीजही धरलेली आहे.

खालच्या बाथरूमचा मात्र पहिले काही दिवस फार मनस्ताप झाला. यंत्र गच्चीवर, पाइप १४ मीटर लांब. नळ सोडला की साडेतीन-चार लिटर गार पाणी आधी येणारच. आता पाइपवर काळ्या फोमचं वेष्टण चढवलंय, त्यामुळे मागोमाग आंघोळी असल्या की पाणी गरम मिळतं. पहिल्या आंघोळीआधीचं गार पाणी छोट्या बादलीत धरतो, फरशीला वापरतो. प्लंबरने पाइप टाकण्याआधीच अंतर मोजून घ्या, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. स्वयंपाकघरासाठी ३ लिटरचा इन्स्टंट गिझर तसाच ठेवलाय, भांडी घासायला एवढ्या लांबून पाणी आणण्यात अर्थ नाही.

जानेवारीत यंत्र बंद पडलं. पडद्यावर नुसता कोड दिसायचा. विकणाऱ्याने सर्व्हिसचा माणूस पाठवायला नऊ दिवस लावले, आणि निघालं काय तर कमी व्होल्टेजने कंट्रोल कार्ड गेलेलं. बसवतानाच स्टॅबिलायझर सांगायला हवा होता, त्याबद्दल माझा राग अजून गेलेला नाही. ते नऊ दिवस आईंनी माळ्यावरचा तांब्याचा बंब उतरवला. चिंचेने घासला, मागच्या अंगणात करवंट्या आणि काटक्या घालून पेटवला. मुलांनी धुराच्या वासाचं पाणी पहिल्यांदाच अंगावर घेतलं. सहा जणांचं पाणी होईपर्यंत दीड तास जायचा आणि तो सगळा त्रास एकट्या आईंनी काढला. म्हणून हीट पंप घेताना किंमत विचारण्याआधी आपल्या गावात सर्व्हिसचा माणूस आहे का, ते विचारा.

पैशांचं बोलायचं तर माझ्या अंदाजाने वर्षाला हजारेक युनिट वाचतील. आमच्या बिलात वरचं युनिट बारा रुपयांच्या आसपास पडतं. दोन नवे गिझर घेतले असते तरी २२,००० गेलेच असते, तेव्हा जादा घातलेले पैसे वसूल व्हायला आठ वर्षं लागतील. महावितरणच्या ३०० युनिटांच्या टप्प्याच्या आत आम्ही हिवाळ्यातही राहिलो, हे आधी कधी जमलं नव्हतं. तीन-चार माणसांच्या घराला मात्र मी हा खर्च करा म्हणणार नाही.

टाकी गंजू नये म्हणून तिच्यात मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड असतो. टाकीऐवजी तो झिजतो. जुन्या गिझरचा रॉड आम्ही ११ वर्षांत एकदाही बदलला नव्हता, उघडला तेव्हा नुसती तार उरली होती. या वेळी दिवाळीआधी काढून बघणार आहे. किती झिजला ते तेव्हा यातच लिहीन.