क्रँकचं मागचं ऑइल सील: घरी बदलायचं की गॅरेजला द्यायचं?

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली रोज सकाळी तेलाचा ताजा डाग दिसू लागला की मिस्त्री सांगतो, "मागचं सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." हे सील म्हणजे क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) गिअरबॉक्सच्या बाजूला बाहेर येतो, तिथे तेल अडवणारं कडं. ते काहीशे रुपयांत मिळतं. पैसा आणि घाम जातो तो त्याच्यापर्यंत पोचण्यात. त्यामुळे गिअरबॉक्स सुरक्षितपणे खाली घ्यायची आणि परत वर चढवायची सोय तुमच्याकडे आहे का, यावरच सगळं ठरतं.

इथे उदाहरण मारुती 800 चं घेतलं आहे. 796 सीसीचं तीन सिलिंडरचं आडवं इंजिन, आटोपशीर गिअरबॉक्स. घरी शिकण्यासाठी याहून सोयीची गाडी मिळणं कठीण.

आधी गळती कुठली ते बघा

बेलहाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं, क्लच झाकणारं आवरण) तळातून तेल ठिबकतं म्हणजे मागचंच सील, असं धरून चालू नका. टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळत असेल तर तेल इंजिनच्या पाठीवरून उतरून तिथेच जमतं. 800 च्या कार्ब्युरेटर मॉडेलात डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना ठिणगी वाटणारा भाग) हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला आहे. त्याची रिंग कडक झाली तरी डाग अगदी त्याच जागी पडतो. सगळा भाग रॉकेलने धुऊन पुसा, टाल्कम पावडर मारा, दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा आणि टॉर्च मारून वरून खाली ओघळ शोधा. वरचा भाग कोरडा आणि फक्त बेलहाउसिंग ओलं असेल तरच पुढे जा. तेल बोटावर घेऊन वासही बघा. गंधकासारखा उग्र वास आला तर ते गिअर ऑइल, म्हणजे गळतंय ते गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (क्लचमधून गिअरबॉक्सात जाणारा दांडा) सील.

दुसरी तपासणी ब्रीदरची, म्हणजे इंजिनच्या पोटातला वायू बाहेर सोडणाऱ्या वाटेची. त्याचा पाइप किंवा व्हॉल्व्ह चोंदला असेल तर क्रँककेसमध्ये दाब साठतो आणि नवं सीलही काही महिन्यांत गळू लागतं. इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण काढा. धूर फसफसून बाहेर येत असेल आणि ब्रीदर साफ असेल, तर पिस्टन रिंगा झिजल्या आहेत. अशा इंजिनात फक्त सील बदलणं म्हणजे पैसे वाया.

बाटलीतलं औषध

गळती थांबवणारं द्रव्य तेलात टाकलं की जुनं, कडक झालेलं रबर थोडं मऊ होऊन फुगतं. डाग लहान असेल, क्लच घसरत नसेल आणि गाडी विकायची किंवा काही महिनेच वापरायची असेल, तर हा मार्ग चालेल. फरक दिसायला काहीशे किलोमीटर जातात. सीलची कड फाटली असेल किंवा क्रँकवर चर पडला असेल तर उपयोग शून्य. तेल क्लचप्लेटवर पोचलं असेल, चढावर इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही, तर बाटलीचा विचार सोडा.

घरी करायचं तर

पक्की सपाट जमीन, चांगले दोन स्टँड, इंजिनला खालून आधार द्यायला जॅक आणि लाकडी ठोकळा, सॉकेट संच, टॉर्क पाना आणि एक जोडीदार एवढं हवंच. मातीवर किंवा विटांवर गाडी चढवून हे काम कुणीही करू नये. दोन दिवस धरा.

बॅटरीची निगेटिव्ह काढा, गिअर ऑइल सोडा, दोन्ही एक्सल बाहेर घ्या. मग क्लच केबल, गिअरचा रॉड, मीटरची केबल, स्टार्टर. इंजिनला आधार दिल्यावरच माउंटिंग सोडायचं. बेलहाउसिंगचे बोल्ट निघाले की गिअरबॉक्स इंजिनपासून सरळ रेषेत बाजूला ओढा. इनपुट शाफ्ट क्लचप्लेटमध्ये असताना त्याला लटकू दिलात तर प्लेटचा हब वाकतो.

प्रेशरप्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून सोडा. फ्लायव्हील (क्रँकच्या टोकावरचं जड चाक, सील त्याच्यामागे असतं) काढण्याआधी त्याच्यावर आणि क्रँकवर खूण करा.

आता खरं नाजूक काम. सीलच्या पत्र्यावर बारीक भोक पाडून त्यात स्क्रू बसवा आणि पकडीने ओढा. स्क्रू ड्रायव्हरने उचकटताना क्रँकवर एक जरी ओरखडा उमटला, तरी नवं सील त्या जागी गळणारच. सील निघाल्यावर क्रँकवर नख फिरवा. नख अडलं तर जुन्या कडेने चर पाडला आहे. अशा वेळी हाउसिंगमध्ये जागा असेल तर नवं सील एक-दीड मिलिमीटर आगेमागे बसवा, म्हणजे कड कोऱ्या जागेवर टेकते. चर खोल असेल तर त्या मापाची पातळ दुरुस्ती स्लीव्ह चढवावी लागते.

सीलची स्प्रिंगची बाजू इंजिनकडे. रबरी सील असेल तर कडेला इंजिन ऑइल लावा. पीटीएफईचं (टेफ्लॉनसारखं प्लास्टिक) असेल तर मात्र ते कोरडंच बसवायचं. सीलच्या बाहेरच्या मापाचा पीव्हीसी पाइपचा तुकडा घेऊन चारी बाजूंनी हलके ठोका. थेट हातोडा मारला की ते तिरकं जातं आणि गळती पहिल्याच दिवशी परत येते. काही मिस्त्री सीलचं हाउसिंगच काढून बाकावर सील बसवतात. बसतं छान, पण हाउसिंगचा खालचा सांधा ऑइल चेंबरला टेकलेला असतो. तो उघडला की पॅकिंग आणि सीलंट नीट करावं लागतं, नाहीतर एक गळती मिटवून दुसरी सुरू होते.

फ्लायव्हीलचे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा. क्लचप्लेट मध्यावर आणणारा डमी शाफ्ट वापरा, प्लेटची स्प्रिंगची उंच बाजू गिअरबॉक्सकडे. तेलाने भिजलेली प्लेट पेट्रोलने धुऊन परत बसवू नका. अस्तरात मुरलेलं तेल गरम झाल्यावर पुन्हा वर येतं. रिलीज बेअरिंगही (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) याच वेळी बदला. शेवटी गिअर ऑइल भरणीच्या भोकाच्या काठापर्यंत भरायला विसरू नका.

गॅरेजला द्यायचं तर

खड्डा किंवा लिफ्ट असल्याने 800 तिथे बहुधा एका दिवसात होते आणि अंगावर गाडी पडायचा धोका तुमच्यावर राहत नाही. मजुरी सीलच्या कित्येक पट, तीही रास्तच. कमी पडतो तो वेळ. क्रँकवरचा चर बघणं आणि ब्रीदर साफ करणं ही दोन कामं घाईत राहून जातात. म्हणून गाडी देतानाच सांगा: गिअरबॉक्स उतरल्यावर फोन करा, क्रँक आणि क्लचप्लेट बघूनच पुढचं ठरवू. जुनं सील परत मागा. कड गुळगुळीत आणि काचेसारखी कडक असेल तर ते वयाने गेलं. एकाच बाजूला फाटलं असेल तर मागच्या वेळी चुकीचं बसवलं होतं.

बोलेरो, स्कॉर्पिओसारख्या गाडीत घरचा पर्याय धरूच नका. तिथे इंजिन गाडीच्या लांबीत बसवलेलं, मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट काढायचा, आणि गिअरबॉक्स इतका जड की गिअरबॉक्स जॅकशिवाय तो इनपुट शाफ्टच्या रेषेत परत बसवणं दोन माणसांच्या आवाक्यातलं नाही. 800 किंवा जुन्या अल्टोला जागा, स्टँड आणि सलग दोन दिवस असतील तर घरी करा. यातलं एक जरी नसेल तर गॅरेज.

काम कुठेही झालं तरी बेलहाउसिंगचा तळ कोरडा पुसून ठेवा आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा बघा. आत उरलेलं जुनं तेल एक-दोन दिवस झिरपतं, ते धुऊन टाकलं की डाग परत यायला नको.