व्हिएन्नातल्या संग्रहालयाचा वार्षिक पास : तीन महिने वापरल्यावर

लेकीच्या बाळंतपणासाठी जानेवारीत व्हिएन्नाला गेले. जेमतेम 90 दिवसांचा मुक्काम, त्यात वार्षिक पास कशाला, असं मलाही वाटलं होतं. म्हणून कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियमला, म्हणजे तिथल्या कला-इतिहासाच्या मोठ्या संग्रहालयाला, पहिल्यांदा साध्या तिकिटावर गेले. पैसे वसूल करायच्या नादात इजिप्तच्या ममींपासून राफाएलपर्यंत सगळं पालथं घातलं आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर एकही चित्र धड आठवेना. पुढच्याच आठवड्यात पास काढला. तीन फेऱ्यांत तो वसूल होतो. माझ्या 11 झाल्या.

गुरुवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं. जावई कामावरून आले की नातीला त्यांच्या हाती सोपवून मी निघायचे. जिन्यात खांबांच्या मधे उंचावर ऑस्ट्रियन चित्रकार क्लिम्टने तरुणपणी रंगवलेल्या आकृती आहेत, तिथे क्षणभर मान वर करायची आणि थेट दहावं दालन गाठायचं. सोळाव्या शतकातला फ्लेमिश चित्रकार पीटर ब्रॉयगेल याची डझनभर चित्रं या संग्रहालयात आहेत. एका जागी इतकी जगात कुठेच नाहीत.

त्यातलं 1567 च्या सुमाराचं शेतकऱ्याच्या लग्नाचं चित्र म्हणजे आपली पंगतच! दोन वाढपी बिजागरीवरून काढलेल्या दारावर ताटल्या मांडून आणतायत आणि बाकावरचा एक जण त्या उचलून पुढे देतोय. पिशवीचा पावा (बॅगपाइप) वाजवणाऱ्याची नजर जेवणावर खिळलीय. पुढ्यात जमिनीवर बसलेलं पोर बोटं चाटतंय. डोक्यावरची मोरपीस खोचलेली टोपी पार डोळ्यांवर आलीय. आणि नवरी हिरव्या कापडापुढे हात जुळवून गप्प. माझ्या लग्नात मीही अशीच बसले होते, पोटात कावळे ओरडत असताना. या चित्रापुढून पाय निघत नसे.

‘बर्फातले शिकारी’ (1565) समजायला वेळ लागला. माना खाली घातलेली कुत्री, पाठमोरे दमलेले तिघे, आणि एवढ्या वणवणीनंतर खांद्यावरच्या काठीला एकच कोल्हा. तो कोल्हा मला चौथ्या फेरीत दिसला! हे चित्र ब्रॉयगेलच्या ऋतूंवरच्या मालिकेतलं. त्या मालिकेतली पाच चित्रं उरली आहेत. तीन इथे, एक प्राग आणि एक न्यूयॉर्कला. मार्चमध्ये लेकीच्या गल्लीत झाडांच्या फांद्या छाटायला लागले आणि त्या गुरुवारी ‘उदास दिवस’ या चित्रातही माणसं तेच करताना सापडली.

काही गोष्टी आधी माहीत असाव्यात. हिवाळ्यात सोमवारी बंद असतं. 19 वर्षांखालच्यांना तिकीट नाही, त्यामुळे मुलांसाठी पास घेऊ नका. हा पास शाही खजिन्यालाही चालतो, पण बेल्व्हेदेअर आणि आल्बेर्टिना या शहरातल्या दुसऱ्या संग्रहालयांना चालत नाही. क्लिम्टचं ‘चुंबन’ बेल्व्हेदेअरमध्ये आहे, त्याचं तिकीट वेगळं. दोनच दिवसांसाठी जाणार असाल तर साधं तिकीटच घ्या, मात्र एखादं दालन निवडून तिथेच बसा.

पास पुढच्या जानेवारीपर्यंत चालेल. ऑक्टोबरची विमानाची तिकिटं काढली आहेत. मालिकेतलं शरदातलं चित्र, डोंगरावरून गुरं घरी आणतानाचं, मी मुद्दाम तेव्हासाठी ठेवलंय.