फायरवायर की यूएसबी: जुन्या कॅसेट आणि नवा कॅमेरा

2003 च्या सिंहस्थाचं किंवा त्या सुमाराच्या लग्नांचं शूटिंग मिनी डीव्ही कॅसेटवर पडून असेल, तर फायरवायरला (कॅमेऱ्यातून व्हिडिओ कॉम्प्युटरवर घेण्याची जुनी केबल-जोडणी) पर्याय शोधू नका. त्या कॅमेऱ्यांना यूएसबीचं पोर्टही असतं, पण बहुतेकांत त्यातून फोटो किंवा वेबकॅमसारखं लहान चित्रच येतं. टेपवरचा मूळ डेटा उतरवायचा तर ‘डीव्ही’ किंवा ‘आय-लिंक’ लिहिलेलं 4 पिनांचं पोर्ट हवं; तेच फायरवायर.

कागदावर यूएसबी 2.0 चा वेग सेकंदाला 480 मेगाबिट, फायरवायरचा 400 (8 मेगाबिट म्हणजे 1 मेगाबाइट). पण डीव्हीला सेकंदाला जेमतेम 3.6 मेगाबाइट लागतात, तासाला साधारण 13 जीबी. म्हणजे वेगाचा प्रश्नच नाही. फायरवायरवरून व्हिडिओ खंड न पडता येतो आणि टेप चालू-बंदही कॉम्प्युटरवरूनच होते. तासाची कॅसेट उतरायला मात्र पूर्ण तास लागतो.

अडचण कॉम्प्युटरची आहे. डेस्कटॉपला आतल्या पीसीआय एक्सप्रेस खाचेत फायरवायर कार्ड लावता येतं. मॅकओएस 26 मधून फायरवायरचा आधार काढून टाकलाय, त्यामुळे जुना मॅक असेल तर अपडेट करू नका. बाजारात ‘फायरवायर टू यूएसबी’ म्हणून छोटा जोड मिळतो, तो घेऊ नका. तो फक्त पिना जुळवतो, सिग्नल बदलत नाही. 6 पिनांच्या टोकातून वीजही जाते. ते उलटं दाबून बसवलं तर पोर्ट जळतं, म्हणून दोन्ही यंत्रं बंद ठेवूनच केबल जोडा. पावसाळ्याच्या ओलीने टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसली, तर ती कॅसेट चालवू नका; कॅमेऱ्यातलं टेप वाचणारं हेड खराब होतं.

नव्या मिररलेस कॅमेऱ्याला यूएसबी-सी पुरे. गोची केबलमध्ये असते: मोबाइलसोबत आलेली केबल बऱ्याचदा यूएसबी 2.0 चीच निघते, आणि 64 जीबीचं कार्ड रिकामं व्हायला अर्धा तास जातो. यूएचएस-2 (वेगवान एसडी) कार्ड आणि सेकंदाला 5 गिगाबिटचा कार्ड रीडर असला की तेच काम चार-पाच मिनिटांत होतं. या कार्डाची कमाल गती सेकंदाला 312 मेगाबाइट, त्यामुळे त्यासाठी 10 गिगाबिटच्या रीडरवर जादा पैसे घालू नका. सीएफएक्सप्रेस टाइप-बी (याहून कितीतरी वेगवान कार्ड) असेल तर मात्र घाला. थंडरबोल्ट (यूएसबीहून वेगवान जोडणी) रीडरचा फायदाही याच कार्डाला होतो.

स्टुडिओत कॅमेरा थेट लॅपटॉपला जोडून शूट करायचं असेल तर 5 गिगाबिटची साधी केबल 3 मीटरपर्यंतच धरा. त्यापुढे ॲक्टिव्ह (आत सिग्नल वाढवणारी चिप असलेली) केबल घ्या, नाहीतर मधेच कनेक्शन तुटतं.