खांबांवरच्या घरात अख्खा पावसाळा काढला, काय कामाचं निघालं ते सांगतो

समुद्राकाठच्या सखल भागात घर बांधतोय म्हटलं की सगळे एकच विचारतात, जोतं किती उचललं? प्रश्न बरोबरच आहे, पण पावसाळा आणि उधाणाच्या भरत्या बघून झाल्यावर माझं मत असंय की पाणी दारातून यायच्या आधी गटारातून येतं आणि तिकडे कोणी बघतच नाही.

आमचं घर आरसीसी खांबांवर आहे, राहायचं सगळं वर, खाली पार्किंग, जिना, एक स्टोअर आणि छोटं बाथरूम. आता होतं काय की जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की गटार समुद्राला मिळतं तिथे त्याच्या तोंडाशी जी झडप असते ती बाहेरच्या पाण्याच्या दाबाने बंद राहते, पावसाचं पाणी आतच तुंबतं आणि मिळेल त्या चेंबरमधून, बाथरूमच्या जाळीतून वर यायला लागतं. बाहेर रस्ता कोरडा आणि आत घोट्याएवढं घाण पाणी, असंही होतं. म्हणून अख्ख्या घरात मला सगळ्यात आवडलेली वस्तू म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी बाहेर जाऊ देणारी पण उलटं आत येऊ न देणारी पाइपातली झडप, दिसायला काहीच नाही पण काम चोख. फक्त तो बंद असताना आपलं सांडपाणी पण बाहेर जात नाही हे आधी समजून घ्या. वरची लाईन त्याच्या आतल्या बाजूला जोडलेली असेल तर वर फ्लश केला की ते सगळं खालच्या बाथरूममध्ये निघणार. आमच्याकडे व्हॉल्व्ह फक्त खालच्या मजल्याच्या लाईनला आहे, वरची लाईन वेगळी, प्लंबर कंटाळा करतो पण अडून बसा. आणि झडपेत केस, प्लास्टिक अडकलं की ती अर्धवट उघडी राहते, त्यामुळे पावसाच्या आधी चेंबर उघडून साफ करणं आलंच.

दाराला लावायचे रबर पट्टीवाले फ्लडगेट पण घेतलेत, ठीक आहेत. वीतभर पाण्याला मस्त, पण उंच गेट लावून निवांत झोपू असं समजू नका. पाणी 1 मीटर चढलं की भिंतीच्या दर मीटर लांबीवर जवळजवळ 500 किलोचा जोर येतो, साधी विटांची भिंत तेवढ्यात आत ढकलली जाऊ शकते. अमेरिकेतल्या फेमा या सरकारी आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या गाइडमध्ये पण पाणी बाहेर अडवायची मर्यादा साधारण 3 फूटच धरलीय. त्याच्या वर पाणी आत येऊ द्यायचं, म्हणजे आतला बाहेरचा दाब सारखा होतो. म्हणून स्टोअरच्या भिंतींना मुद्दाम भोकं ठेवलीत, हिशोब सोपा, खोलीच्या दर 1 चौरस फूट जमिनीला 1 चौरस इंच भोक, कमीत कमी दोन, वेगवेगळ्या भिंतींना, आणि भोकाची खालची कड जमिनीपासून 1 फुटाच्या आत. बघणारे हसतात, हसू देत. मात्र उंदीर येतात, जाळी लावली तर तिच्यात कचरा अडकतो, यावर अजून मनासारखा इलाज सापडलेला नाही.

खालच्या भिंतींना जिप्सम बोर्ड, प्लायवूड काहीही नको, सिमेंट प्लास्टर आणि टाइल्स बास. खारं पाणी एकदा भिंतीत मुरलं की मीठ आत राहतं आणि ते हवेतला ओलावा ओढत बसतं, रंग फुगतो, सळ्यांना गंज चढतो. पाणी ओसरल्यावर गोड्या पाण्याने सगळं धुवायचं, हा त्रास धरूनच चला. स्टेनलेस स्टीलचं सामान 316 ग्रेडचं, म्हणजे खाऱ्या हवेत कमी गंजणारं घेतलंय ते अजून चकचकीत आहे, शेजारी साध्या 304 ग्रेडचा गेट आहे त्याला तांबूस डाग आलेत. वायरिंग वरून खाली उतरवलंय, खालचा एमसीबी वेगळा, त्यामुळे खालची लाईट पाडली तरी वर फ्रिज चालू. पंपाची मोटर मात्र उंच ओट्यावर घ्या, हे बांधताना राहून जातं.

जुनं घर आहे म्हणून ते उचलणं जमणार नाही असं कोणी म्हणालं तर अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन शहराचं वाचा, 1900 च्या वादळानंतर तिथे 2000 च्या वर इमारती जॅक लावून उचलल्या आणि खाली भराव टाकला. अर्थात ते अख्ख्या शहराने मिळून केलं, एकट्याने करायचं म्हणजे इंजिनिअरला पाया दाखवल्याशिवाय नकोच.

त्रास पण सांगतो. म्हाताऱ्या माणसांना जिना जड जातो. खालून वारा घुमतो. आणि खाली एवढी जागा मोकळी दिसते की घरचे सारखे म्हणतात एक खोली काढू, पण पाणी तिथेच येणार म्हणून मी नाहीच म्हणतो. "100 वर्षांतून एकदा येणारा पूर" ऐकून लोक निर्धास्त होतात, पण त्याचा अर्थ दरवर्षी 1 टक्का शक्यता, म्हणजे 30 वर्षांत एकदा तरी येण्याची शक्यता 26 टक्के, आणि समुद्राची पातळी वाढतेय ते वेगळंच.

गाडीचा प्रश्न तेवढा राहिलाय. घर वर गेलं पण गाडी खालीच, त्यामुळे उधाण आणि पावसाचा अंदाज एकाच दिवशी असला की आदल्या रात्रीच ती चढावरच्या रस्त्याला लावून यावी लागते, आणि आता सगळी गल्ली तेच करायला लागल्यामुळे तिथेही जागा मिळत नाही.