घरच्या जॅमसाठी ५८ ते ९० ब्रिक्सचा रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा का?

कोकणातल्या बहुतेक घरांत जॅम झाला की नाही, हे ताटलीवर थेंब टाकून तो पसरतो की जागीच थांबतो यावरून ठरते. सरावलेल्या हाताला ही परीक्षा सहसा दगा देत नाही. परंतु मे महिन्यात भरलेली बाटली पावसाळ्याच्या दमट हवेत टिकवायची असेल, आणि त्यातून ती विकायची असेल, तर अंदाजापेक्षा आकडा हाती असलेला बरा. म्हणून प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या रत्नागिरीतील एका दुकानातून हा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे थेंबातली साखर मोजणारे छोटे भिंगाचे उपकरण, घेतला आणि हापूस, करवंद व बरका फणस या तिन्हींवर वापरून पाहिला.

वापर सोपा आहे. तिरप्या काचेवर जॅमचा थेंब ठेवून वरची झडप दाबावी आणि उजेडाकडे तोंड करून भिंगातून पाहावे; निळा व पांढरा भाग जिथे मिळतो, तो आकडा म्हणजे ब्रिक्स: जॅममधील विद्राव्य (पाण्यात विरघळलेल्या) घनपदार्थांची, मुख्यतः साखरेची, टक्केवारी. आपल्याकडील अन्नसुरक्षा नियमांनुसार जॅममध्ये हे प्रमाण किमान ६५ टक्के असावे लागते. मी ६८ दिसल्यावर आच बंद करते. थेंब चमच्यात पूर्ण निवू द्यावा लागतो आणि तेवढा वेळ पातेले चुलीवरून उतरवून ठेवावे लागते, नाहीतर मोजेपर्यंत जॅम पुढे आटत जातो. फणसाच्या गरात ही सीमारेषा धुरकट दिसते. मलमलीच्या फडक्यातून पिळून घेतलेल्या थेंबात ती स्वच्छ उमटते.

तक्रारी दोन आहेत. तापमानाची आपोआप दुरुस्ती १० ते ३० अंशांपर्यंतच होते, आणि मे महिन्यात आमचे स्वयंपाकघर चूल न पेटवताही तीस ओलांडते. फरक किरकोळ पडतो आणि आकडा थोडा कमीच दिसतो, त्यामुळे धोका नाही. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे: सोबतच्या पत्रकात शुद्ध पाण्यावर शून्य जुळवायला सांगितले आहे, पण ज्या पट्टीची सुरुवातच ५८ पासून होते तिच्यावर पाणी दिसणार कुठून? यावर उपाय घरातच आहे. ६० ग्रॅम साखर ४० ग्रॅम पाण्यात झाकून, मंद आचेवर विरघळवावी, निवल्यावर वजन करून उडालेले पाणी भरून काढावे. या पाकाला उपकरणाने ६० दाखवलेच पाहिजे.

मात्र हे उपकरण आंबटपणाबद्दल चकार शब्द काढत नाही. करवंदात आम्ल आणि पेक्टिन (जॅम घट्ट धरणारा फळातला घटक) दोन्ही मुबलक असल्याने तिथे अडत नाही, पण पिकलेल्या फणसाचा गर एरवी इतका कमी आंबट असतो की सायट्रिक ॲसिड घालून पीएच (आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी तितके आंबट) ३.३ च्या आसपास आणल्याशिवाय जॅम नीट धरतही नाही. मधुमेहासाठी म्हणून साखर निम्मी करणाऱ्यांनी तर अधिकच सावध राहावे: साखर कमी आणि पीएच ४.६ च्या वर, अशी बाटली फडताळात ठेवणे धोक्याचे आहे. तिची जागा फ्रिजमध्ये, आणि तिथेही थोडेच दिवस. त्यामुळे याच खरेदीत २.५ ते ४.५ च्या टप्प्याच्या पीएच पट्ट्या घ्याव्यात. पिवळ्या गराचा रंग पट्टीवर चढतो, म्हणून ती मागच्या बाजूने वाचावी.

वर्षाला चार बाटल्या करणाऱ्यांना मात्र मी हे घ्या म्हणणार नाही. त्यांना वजनकाटा पुरे. १६ ब्रिक्सचा एक किलो हापूसचा रस आणि एक किलो साखर यांत घनपदार्थ ११६० ग्रॅम होतात, म्हणजे पातेल्याचे वजन वजा जाता मिश्रण सुमारे १७०० ग्रॅमवर आले की ६८ टक्के झाले. थर्मामीटर असेल तर किनारपट्टीवर १०५ अंश हा आकडा चालतो. महाबळेश्वरात पाणीच ९५-९६ अंशांवर उकळत असल्याने तिथल्या पाहुण्यांना तो सांगू नये. बचत गटासाठी, किंवा दर आठवड्याला वेगळ्या झाडाचा आंबा येणाऱ्या घरासाठी, दोन हजारांच्या आसपासची ही खरेदी योग्य आहे, फक्त दुकानातून निघण्यापूर्वी झडप काचेवर सपाट बसते का ते पाहून घ्यावे.