आजाऱ्याजवळ बसायला शिकायचं तर: सीपीई की घरभेटीचं प्रशिक्षण?

रुग्णांना आध्यात्मिक आधार द्यायचं ज्यांचं मनाशी पक्कं झालंय, पण शिकायचं कुठे यावर अडलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी दोन्ही वाटांनी गेलो आहे. आधी दक्षिणेतल्या एका मिशन रुग्णालयात राहून सीपीईचं, म्हणजे क्लिनिकल पॅस्टोरल एज्युकेशनचं (रुग्णांना भेटत भेटत आध्यात्मिक आधार द्यायला शिकण्याच्या प्रशिक्षणाचं), एक युनिट केलं. मग कुडाळला परतल्यावर, घरोघरी जाऊन पॅलिएटिव्ह सेवा, म्हणजे बरा न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणारी सेवा, देणाऱ्या एका गटाकडे केरळच्या धर्तीवरचं छोटं प्रशिक्षण घेतलं. दोन्ही चांगली आहेत. तरी आज कोणी विचारलं तर उत्तर द्यायला मला फार वेळ लागत नाही.

आधी सीपीईचं देणं मान्य करतो. १९२५ साली अँटन बॉइसन यांनी अमेरिकेतल्या वूस्टरच्या मनोरुग्णालयात चार धर्मशास्त्राचे विद्यार्थी घेऊन ही पद्धत सुरू केली. बॉइसन स्वतः मानसिक आजारात रुग्णालयात राहिले होते, म्हणून पोथीआधी समोरचा माणूस वाचा, हा त्यांचा आग्रह. ‘व्हर्बॅटिम’ हे त्याचं मुख्य हत्यार. भेट झाली की आठवेल तसा संवाद शब्दशः लिहायचा आणि गटापुढे ठेवायचा. आमच्या गटातल्या एकीला सुपरवायझरने विचारलं होतं, “बाई रडायला लागल्या तेव्हाच तुम्ही पाण्याचा ग्लास पुढे का केलात?” ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मला ते रडणं सोसेना म्हणून.” अशी तपासणी मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. एक युनिट ४०० तासांचं असतं ते उगीच नाही.

तरीही मन अडलं ते त्याच व्हर्बॅटिमवर. त्या कागदावर पात्रं दोनच: मी आणि रुग्ण. वॉर्डात ते जमतं. पडदा ओढला, स्टूल घेतलं, बोलणं सुरू. आपल्याकडे रुग्ण मुंबईला किंवा गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात उपचार घेतो आणि डॉक्टरांनी हात टेकले की घरी येतो. माजघरात खाट, उशाशी भावजय, दारात शेजारी, पुण्याहून आलेला जावई. “झोप लागते का?” म्हणून रुग्णाला विचारावं, तर उत्तर तिघे देतात आणि रुग्ण आढ्याकडे बघत राहतो. एका घरी मुलाने मला खळ्यातच थांबवून सांगितलं, “बाबांना कॅन्सरचं काही बोलू नका हां.” आत गेलो. सगळी चहाच्या गडबडीत असताना म्हाताऱ्याने माझा हात ओढला आणि म्हणाले, “माका काय झाला हा, ता माका म्हायत आसा. पन झिलाक सांगू नको.”

आता हे दोन पात्रांच्या कागदावर कसं लिहायचं? सुपरवायझरना विचारलं असतं तर त्यांनी नातेवाइकांना थोडा वेळ बाहेर पाठवा म्हटलं असतं. तिथे असताना हेच शिकवलं गेलं होतं. पण मी त्या घरात पाहुणा. कोणाच्या माजघरातून कोणाला बाहेर जा म्हणणार?

घरभेटीच्या प्रशिक्षणाची सुरुवातच इथून होते. कोझिकोडला १९९३ साली पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी उभी राहिली. पुढे गावोगावच्या स्वयंसेवकांचं जाळं विणलं गेलं, तेव्हा त्यांच्यासाठी साधारण १६ तासांचे वर्ग आणि अनुभवी टीमबरोबर ४ दिवस, असा बेतशीर साचा बसला. आठवड्याला दोन तास देऊ शकणारा कोणीही यात बसतो. आमच्या वर्गात एक जण रुग्ण, एक मुलगा, एक शेजारीण, असं करून हाच प्रसंग पुनःपुन्हा घोटून घेतला. मुलाशी वाद घालायचा नाही, त्याला एवढंच विचारायचं: “बाबांना स्वतःला काय वाटत असेल, असं तुम्हाला वाटतं?” बहुतेक वेळा मुलगाच डोळे पुसत म्हणतो, त्यांना कळलं असणार.

दुसरी गोष्ट, सोबत नर्स असते. पॅलिएटिव्ह सेवेचा पाया घालणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी वेदना शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशी एकत्र बघायला शिकवलं, ते पुस्तकात वाचून नीट उतरत नाही. नर्सने मॉर्फिनचा डोस आणि बद्धकोष्ठाचं औषध बघितल्यावर ज्या बाई बोलायला लागतात, त्या तासाभरापूर्वी देवाचं नावही ऐकून घेत नव्हत्या. मग म्हणतात, “सातेरीची ओटी राहिली, म्हणून हे भोगतेय.” सातेरी ही आमच्याकडची ग्रामदेवता. इथे हो म्हणायचं नाही आणि अंधश्रद्धा म्हणून झटकायचंही नाही. “ओटी कोणाबरोबर पाठवू या?” एवढं विचारलं की राहिलेल्या ओटीमागचं, भावाशी तुटलेलं बोलणं बाहेर येतं. पलीकडच्या वाडीत बौद्ध घर, त्याच्यापुढे मुसलमान मोहल्ला. तिथे राहून गेलेलं काही वेगळंच असतं. सीपीईतही कोणी माझ्यावर प्रार्थना लादली नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण तिथली भाषा चर्चच्या अंगणात वाढलेली आहे, आणि ते जाणवत राहतं.

छोट्या प्रशिक्षणात उणीव आहेच. तुमच्या आत काय चाललंय हे कोणी विचारत नाही. पाठोपाठ दोन-तीन मृत्यू झाले की माणसं यायची बंद होतात, आणि का ते कळतही नाही. यावर आम्ही महिन्यातून एकदा बसून एकमेकांचे व्हर्बॅटिम वाचतो, फक्त त्यात पात्रं घरात असतील तेवढी लिहितो.

मोठ्या रुग्णालयात पूर्णवेळ चॅप्लिन, म्हणजे रुग्णांना आध्यात्मिक आधार देणारा कर्मचारी, व्हायचं असेल, किंवा सेमिनरीत (धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात) असाल आणि काही महिने घर सोडता येत असेल, तर सीपीईच करा. तेवढं खोलात जाणं दुसरीकडे मिळणार नाही. नोकरी, बागायत, घरची म्हातारी माणसं सांभाळून गावातच हे करायचं असेल, तर मला वाटतं घरभेटीचं प्रशिक्षण जास्त कामाला येईल. नाव घालण्याआधी सुरुवातीच्या भेटींना सोबत कोण येणार आणि रात्री रुग्ण गेला तर तुम्ही फोन कोणाला करायचा, एवढं विचारून घ्या. आणि जमलं तर सोबतीचे चार दिवस मे महिन्यात किंवा चतुर्थीच्या सुमाराला येतील अशी बॅच धरा. चाकरमानी गावात असतात आणि “बाबांना सांगू नका” म्हणणारा मुलगा तेव्हाच खळ्यात भेटतो.